खेळताना गळ्यात पट्टा नको

कुत्र्यांचा खेळ अनोळखी माणसाला भांडणासारखाच वाटतो. पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग उंच करून एक श्वान दुसऱ्याला आमंत्रण देतो. मग धावाधाव, अंगावर झेप, लोळवणे आणि सर्वांत आवडीचा प्रकार म्हणजे उघड्या जबड्याने एकमेकांच्या गालाला व मानेला लटके चावे घेणे. या चाव्यांत जोर नसतो. किती जोराने धरायचे, याचे भान पिल्लाला भावंडांबरोबर खेळतानाच आलेले असते. मानेवरची कातडी सैल आणि केसाळ असल्याने ती पकडणे सोपे असते आणि निर्धोकही. निसर्गाच्या या व्यवस्थेत एकच वस्तू परकी आहे, ती म्हणजे माणसाने गळ्यात अडकवलेला पट्टा.

अपघात घडतो तो असा. मान पकडताना एका श्वानाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्याखाली शिरतो. तोंड मागे घेताना पट्टा खालच्या सुळ्यांमागे अडकतो. तोंड सुटत नाही हे कळताच तो श्वान घाबरून मागे खेचू लागतो आणि ज्याच्या गळ्यात पट्टा आहे तो विरुद्ध दिशेला ओढतो. त्यानंतरची पायरी सर्वांत घातक असते. सुटण्याच्या धडपडीत दोघांपैकी एक जण गिरकी घेतो किंवा दुसऱ्याच्या अंगावरून पलटतो आणि पट्ट्याला पीळ बसतो. ओले कापड पिळावे तसा पट्टा आवळत जातो. एकाचा श्वास कोंडतो, तर दुसऱ्याचा जबडा त्याच पट्ट्यात करकचून बांधला जातो. त्याचा सुळा तुटू शकतो, क्वचित जबड्याचे हाडही मोडते. दोघेही वेदनेने ओरडतात आणि पाहणाऱ्याची खात्री पटते, की कुत्री भांडू लागली.

येथेच घात होतो. भांडण समजून धावत आलेला माणूस काठी उगारतो, पाणी ओततो आणि शेवटी दोघांना धरून दोन बाजूंना ओढतो. त्याच्या प्रत्येक ओढीबरोबर फास घट्ट होतो. श्वान दगावला, तर 'मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला मारले' असा निष्कर्ष काढला जातो. ज्याचे दात पट्ट्यात अडकले होते आणि जो स्वतः जिवाच्या आकांताने सुटू पाहत होता, तो मारेकरी ठरतो. घरातून त्याची रवानगी होते, कधी त्याला कायमचे साखळीला बांधले जाते. मानेवर चाव्याच्या खोल जखमा नसताना झालेला असा मृत्यू पाहिला, तर पहिला संशय पट्ट्यावरच घ्यायला हवा.

गळा आवळला जाण्याचे परिणाम किती वेगाने होतात, याची कल्पना अनेकांना नसते. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा मानेच्या दोन्ही बाजूंना त्वचेपासून फार खोल नसतात. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांची बनलेली असते आणि ही कडी दाबाने चेपू शकतात. पट्टा पूर्ण आवळला गेला, की मिनिटभराच्या आतही श्वान बेशुद्ध पडू शकतो आणि पुढच्या काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते, तर पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना एरवीही श्वास पुरत नाही. त्यांच्याजवळ हा अवधी आणखी कमी असतो. घरातील माणूस आतून कात्री शोधून बाहेर येईपर्यंत सारे संपलेले असू शकते.

नुसत्या ओढीनेही मानेवर काय ताण येतो, यावर परदेशात काही अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञांनी २००६ मध्ये २६ श्वानांवर केलेल्या पाहणीत पट्टा ओढल्यावर डोळ्यांतील दाब लक्षणीय वाढल्याचे आढळले. छातीभोवती बांधायच्या हार्नेसने तो तसा वाढला नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे ओढून पाहिले. जोराने ओढल्यावर इजेचा धोका राहणार नाही, असा एकही पट्टा त्यांना आढळला नाही, मग तो रुंद असो वा अस्तर लावलेला. हे प्रयोग फिरवताना होणाऱ्या ओढीचे होते. पीळ पडलेल्या पट्ट्याची गोष्ट त्याहून कितीतरी गंभीर.

नाशिकसारख्या शहरात अशा अपघाताला जागा पुष्कळ आहेत. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ या भागांतील रो-हाऊसची रचना पाहावी. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत किंवा लोखंडी जाळी आणि दोन्हीकडे एकेक श्वान. जाळीतून तोंड घालून खेळणे हा या शेजाऱ्यांचा रोजचा कार्यक्रम असतो. तेथे जबडा पट्ट्यात अडकला, तर मध्ये जाळी असल्याने श्वानाला वळवून पीळ सोडवणेही अवघड होऊन बसते. गंगापूर रोड परिसरातील बंगल्यांच्या आवारात किंवा शेतघरांवर दोन-तीन श्वान दिवसभर मोकळे असतात आणि त्यांच्यावर कोणाचे लक्ष नसते. पहाटे गोदावरीकाठी फिरायला येणारी मंडळी ओळखीचे श्वान भेटले, की दोर सोडून देतात. पट्टा मात्र गळ्यातच राहतो. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावाला जाणारी कुटुंबे आपला श्वान सांभाळण्यासाठी ठेवून जातात, तेव्हा अनोळखी श्वानांचा कळप एकाच आवारात खेळतो. श्वान ठेवण्यापूर्वी तेथील जेवणाची आणि लसीकरणाची चौकशी सगळेच करतात. खेळताना पट्टे काढता का आणि त्या वेळी कोणी जवळ उभे असते का, हे दोन प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारायला हवेत.

पट्टा सैल ठेवला, की धोका टळतो, हा सर्वांत मोठा गैरसमज. मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे जातील एवढी जागा असावी, हा नियम फिरवण्यापुरता बरोबर आहे. खेळताना मात्र सैल पट्ट्याखाली जबडा अधिक सहज शिरतो. घट्ट पट्ट्याखाली तो शिरणे कठीण, पण सुळा अडकायला अर्धा इंचही पुरतो आणि घट्ट पट्ट्याला पीळ बसायला वेळ लागत नाही. तेव्हा मोजमापाच्या सुधारणेने हा प्रश्न सुटत नाही.

पट्ट्यांच्या प्रकारांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओढल्यावर आवळणारी चोक चेन खेळताना गळ्यात असणे म्हणजे फास तयार ठेवणेच. ती कात्रीने कापता येत नाही आणि आवळली, की हाताने सैलही होत नाही. दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकात पाळल्या जाणाऱ्या कारवानी किंवा मुधोळ जातीच्या शिकारी श्वानांची डोकी निमुळती आणि मान लांब असते. साधा पट्टा त्यांच्या डोक्यावरून निसटतो, म्हणून ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा त्यांना घालतात. रस्त्यावर तो योग्यच. खेळात त्याची जादा पळवाट, म्हणजे आवळण्यासाठी ठेवलेली दुसरी कडी, जबडा अडकायला आणखी एक जागा करून देते. कातड्याचा, कमरेच्या पट्ट्यासारख्या बकलाचा पट्टा मजबूत व टिकाऊ म्हणून लोकप्रिय आहे. त्याची खोड अशी, की बकलाची पिन भोकातून काढण्यासाठी पट्टा आधी आणखी आवळावा लागतो. गुदमरत असलेल्या श्वानाच्या गळ्यावर हे जवळजवळ अशक्य. दोन्ही बाजूंनी दाबून उघडायच्या प्लास्टिकच्या खटक्याचा नायलॉनचा पट्टा त्या मानाने बरा. तो ताणाखालीही उघडण्याची शक्यता असते. पण खटका केसांत किंवा पिळात दडला, तर तोही बोटांना सापडत नाही.

लोखंडी काट्यांच्या पट्ट्याचा उल्लेख येथे करायला हवा, कारण रुबाबासाठी तो विकत घेणारे शहरातही दिसतात. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या श्वानांना असे पट्टे घालतात, ते बिबट्यापासून रक्षण व्हावे म्हणून. बिबट्या शिकारीची मान धरतो. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत उसात बिबट्यांचा वावर असल्याने मळ्यावर राहणाऱ्या शेतकऱ्याला ही कल्पना पटण्यासारखी आहे. तरीही मळ्यावरच्या श्वानासाठी काटेरी पट्ट्यापेक्षा रात्रीची बंदिस्त जागा अधिक खात्रीची, कारण साखळीने बांधलेल्या श्वानाला पळूनही जाता येत नाही. शहरातल्या आवारात असे काटे फक्त सवंगड्याच्या हिरड्या फाडतात.

पट्ट्याला लटकणाऱ्या वस्तूंकडेही पाहावे. घुंगरू, घंटी, नावाचा पत्रा हे सारे दातात, जाळीत किंवा पिंजऱ्याच्या गजात अडकते. नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा सर्वांत निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो बारीक असल्याने त्वचेत अधिक खोल रुततो, तुटत नाही आणि केसांत दिसतही नाही. गोचिडांसाठीचा औषधी पट्टा हा वेगळाच विषय. त्यात कीटकनाशक असते आणि खेळताना दुसऱ्या श्वानाने तो चावला, तर ते त्याच्या पोटात जाते. ज्या घरात दोन श्वान सतत एकमेकांची मान धरतात, तेथे गोचिडांसाठी अंगावर टाकायचे थेंब किंवा खाण्याची गोळी यांचा पर्याय पशुवैद्यकाला विचारावा.

ताण पडताच आपोआप सुटणारा पट्टा हा यावरचा खास उपाय आहे. अमेरिकेतील एका श्वानपालक महिलेने आपला श्वान अशाच अपघातात गमावला आणि त्यानंतर श्वानांचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीबरोबर असा पट्टा विकसित केला. त्याच्या खटक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. दोर दोन्ही कड्यांतून अडकवला, की पट्टा साध्या पट्ट्याप्रमाणे ओढ सहन करतो. दोर काढल्यावर मात्र जोराचा हिसका बसताच खटका सुटतो. आपल्याकडे असे पट्टे कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा दिसत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात. मांजरांसाठीचे सुटणारे पट्टे त्या जागी वापरू नयेत, कारण ते अगदी हलक्या ओढीनेही निघतात आणि रस्त्यावर श्वान हातचा जातो. विकत घेतलेला पट्टा खरोखर सुटतो का, हे खुर्चीच्या पायाला अडकवून हिसका देऊन आधी पाहावे. धूळ-माती बसली, की खटका कडक होतो, म्हणून अधूनमधून ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

हार्नेस घालून खेळू द्यावे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. हार्नेस गळा आवळत नाही, एवढा त्याचा फायदा निश्चित आहे. मात्र त्याच्या पट्ट्यांत जबडा किंवा पाय अडकतोच आणि घाबरलेल्या श्वानाचा पाय मुरगळण्याची किंवा मोडण्याची भीती राहते. बंदिस्त आवारात, फाटक लावलेले असताना, श्वानाच्या अंगावर काहीही नसणे हेच खरे. पट्टा फाटकाशेजारच्या खुंटीवर टांगून ठेवावा आणि बाहेर पडताना घालावा.

इतकी काळजी घेऊनही अपघात घडलाच, तर पहिल्या क्षणी काय करायचे हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे. दोघांना वेगळे ओढायचे नाही, उलट जवळ आणायचे. ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याला उचलून किंवा ढकलून दुसऱ्याच्या तोंडाकडे न्यायचे, म्हणजे ताण कमी होतो. दोन माणसे असतील, तर एकाने जबडा अडकलेल्या श्वानाला मागून कमरेला धरून स्थिर ठेवावे, म्हणजे त्याला आणखी गिरकी घेता येणार नाही. पीळ कोणत्या दिशेने पडला आहे ते पाहून एका श्वानाला उलट दिशेने वळवावे. अनेकदा जबडा तेवढ्याने सुटतो. नाहीच सुटला, तर खटका दाबावा आणि तोही उघडला नाही तर पट्टा कापावा. त्यासाठी जखमेवरची पट्टी कापायची बोथट टोकाची मजबूत कात्री चांगली, कारण तिचे खालचे पाते कातडीला इजा न करता पट्ट्याखाली सरकते. धडपडणाऱ्या श्वानाच्या गळ्याशी सुरी नेणे धोक्याचे. कात्री खेळाच्या जागेवरच हाताशी असावी. औषधांच्या कपाटातली कात्री वेळेवर मिळत नाही. साखळीचा पट्टा असेल, तर लोखंड कापणारे अवजार लागते आणि ते कोणाच्याच घरात नसते.

या झटापटीत सोडवणाऱ्याला चावा बसणे जवळपास ठरलेलेच. वेदनेने भेदरलेला श्वान समोरचा हात कोणाचा हे पाहत नाही. शक्य असेल, तर जाड कापड हाताला गुंडाळावे. चावा बसलाच, तर घरचा आणि लस दिलेला श्वान असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीज लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा.

पट्टा सुटल्यावर श्वान निपचित पडला असेल, तर श्वास चालतो का ते पाहावे. जीभ बाहेर ओढून घशात काही अडकले नाही याची खात्री करावी. श्वास बंद असेल, तर त्याला कुशीवर झोपवून छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. दाब छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खोल असावा. दर ३० दाबांनंतर तोंड बंद धरून नाकातून दोन फुंकरी द्याव्यात. हे करीत असतानाच दुसऱ्याने गाडी काढावी. जवळच्या कोणत्या दवाखान्यात प्राणवायूची सोय आहे आणि रात्री कोण उपलब्ध असते, ही चौकशी श्वान धडधाकट असतानाच करून ठेवायची असते.

श्वान उठून शेपटी हलवू लागला, म्हणजे संकट टळले असेही नाही. गळा आवळला गेल्यानंतर काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू शकते. घशाला आतून सूज येते, ती हळूहळू वाढते. सकाळी वाचलेला श्वान संध्याकाळी धापा टाकू लागला, अशी उदाहरणे पशुवैद्यकांना परिचित आहेत. म्हणून त्याच दिवशी तपासणी आवश्यक. डोळ्यांत रक्त उतरणे, आवाज बसणे, खोकला, गिळताना त्रास, हिरड्यांचा निळसर रंग यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नये. जबडा अडकलेल्या दुसऱ्या श्वानाचेही तोंड तपासून घ्यावे; त्याचा तुटलेला सुळा गडबडीत विसरला जातो.

पट्टा काढायला श्वानपालक नाखूश असतात, त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पट्टा ही 'या श्वानाला घर आहे' याची खूण. फाटक उघडे राहिले आणि पट्टा नसलेला श्वान बाहेर गेला, तर तो भटका ठरेल ही भीती खरी आहे. यावर मायक्रोचिप हा उत्तम उतारा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली सुईने बसवतात. यंत्राने वाचल्यावर तिचा १५ अंकी क्रमांक मिळतो. श्वानांच्या पैदास व विक्रीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांत अशा चिपची तरतूद आहे. मात्र चिपमुळे श्वान कोठे आहे हे मोबाइलवर दिसते, हा समज चुकीचा आहे. क्रमांक वाचायला यंत्र जवळ लागते आणि त्या क्रमांकापुढे मालकाचा चालू दूरध्वनी नोंदलेला असावा लागतो. रस्त्यावर पट्टा व नावाचा पत्रा हवाच. प्रश्न आहे तो घरी परतल्यावर तो काढण्याचा.

पट्टा काढण्याऐवजी श्वानाला बांधूनच ठेवावे, म्हणजे खेळही नको आणि धोकाही नको, असा मार्ग काही जण काढतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याला क्रूरता मानतो. फार आखूड किंवा फार जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या श्वानाला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या अकराव्या कलमात येतात. पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्याने ठेवलेला दंड १० ते ५० रुपयांचा, म्हणजे बऱ्या पट्ट्याच्या किमतीहूनही कमी. शिवाय बांधलेला श्वान सुरक्षित असतो असेही नाही. गच्चीत किंवा गॅलरीत बांधलेला श्वान मांजरामागे कठड्यावरून उडी मारतो आणि साखळीला लटकतो, हा फासही तितकाच जीवघेणा.

राहता राहिले रस्त्यावरचे श्वान. त्यांच्या गळ्यात पट्टा बांधणारे हात प्रेमाचेच असतात. २००१ च्या श्वान नियंत्रण नियमांत निर्बीजीकरण झालेल्या श्वानांना ओळखीसाठी बिल्ला किंवा नायलॉनचा पट्टा देण्याची मुभा होती. त्या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. पुण्यातून सुरू झालेल्या 'मोटोपॉज' या उपक्रमात शंतनू नायडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या डेनिम कापडाचे चकाकणारे पट्टे शिवून भटक्या श्वानांना घातले. अंधारात वाहनचालकाला श्वान दुरून दिसावा, हा त्यामागचा हेतू. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाच्या परिसरातील सुमारे २० श्वानांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधण्यात आले, त्यात लसीकरणाची माहिती होती. या पट्ट्यांचा उपयोग नाकारता येत नाही. पण रस्त्यावरचे श्वान दिवसभर एकमेकांशी खेळतात आणि अडकल्यावर सोडवायला तेथे कोणीही नसते. घरच्या श्वानाला चालणारा पक्क्या बकलाचा पट्टा म्हणूनच त्यांना चालत नाही. ताणणारे इलॅस्टिक मध्ये शिवलेला किंवा हिसक्याने सुटणारा पट्टाच त्यांना घालावा. तो हरवेल, पुन्हा घालावा लागेल, हे गृहीत धरूनच.

पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. सोसायटीतली मुले तीन महिन्यांच्या पिल्लाला हौसेने रिबीन, सुतळी किंवा छोटा पट्टा बांधतात. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही. चार-पाच महिन्यांत तो कातडीत रुततो, जखमेत अळ्या पडतात आणि वेदनेने चिडलेले ते श्वान कोणाला जवळ येऊ देत नाही. त्याला जाळीने पकडून, भूल देऊन पट्टा कापून काढावा लागतो. ज्याने पिल्लाला पट्टा बांधला त्याने दर आठवड्याला त्याखाली दोन बोटे घालून पाहायची. ते जमणार नसेल, तर लस टोचून घ्यावी, निर्बीजीकरण करवून घ्यावे आणि गळा मोकळा सोडावा. निर्बीजीकरणाच्या वेळी कानाला केलेली खूण आयुष्यभर टिकते आणि ती कोणाच्या दातांत अडकत नाही.